अक्कांची चाल आणि मुका अ‍ॅम्प

आमच्या मुरूम गावात गिटार वाजवणाऱ्या बाईला काय म्हणतात ते मला सांगता यायचं नाही, कारण माझ्या आधी कुणा बाईनं ती वाजवल्याचं ऐकिवात नाही. आमच्या थोरल्या जाऊबाई मात्र मला 'तारमास्तरीण' म्हणायच्या. मी त्यांना अक्का म्हणते. त्या आळंदकडच्या, म्हणजे कर्नाटकातल्या. माहेरी कानडी, सासरी मराठी आणि भांडताना दोन्ही.

अठ्ठावीस वर्षं आम्ही दोघी एका स्वयंपाकघरात नांदलो. नांदलो म्हणजे भांडलो. मिठावरून, पडद्यांवरून, पोरांच्या डब्यांवरून, आणि एकदा तर आदल्या दिवशी ऊन जास्त होतं का कमी यावरून आम्ही दोन दिवस बोललो नव्हतो. त्या अठ्ठावीस वर्षांत अक्कांनी मला एकदाही 'छान केलंस' म्हटलेलं नाही, हे मी शपथेवर सांगते. मीही त्यांना म्हटलेलं नाही. फिट्टंफाट.

आणि आता त्या चालल्या होत्या. पुण्याला, लेकाकडं, कायमच्या. थोरल्या दिरांनी खोकी सुतळीनं बांधून व्हरांड्यात रचली होती, रविवारी सकाळी गाडी येणार होती. शनिवारी दुपारी आमच्या घरचं संक्रांतीचं हळदीकुंकू, दोघींनी मिळून करायचं शेवटचं. त्या हळदीकुंकवात सगळ्या बायकांसमोर मला अक्कांची एक चाल गिटारवर वाजवायची होती. अक्का भाकरी थापताना गुणगुणतात ती. शब्द नाहीत, नुसतं तोंड मिटून हूं हूं. हळूहळू चढत जाते, मग वळणं घेत खाली येते. त्यांच्या आईचं गाणं असणार असं मी धरून चालले होते, माहेरचं गाणं आणखी कुणाचं असायचं! ते मी दोन वर्षं चोरून कानात साठवलं होतं, कांदा चिरता चिरता. तोंडानं मला 'जाऊ नका' म्हणता येणार नव्हतं. आमच्या दोघींत तसलं बोलायची रीतच नाही. म्हणून ते गिटारवर म्हणायचं ठरवलं होतं, आणि त्यासाठी मला शनिवार सोडून दुसरा दिवस नव्हता.

गिटार खरं तर आमच्या लेकीची. इंजिनिअरिंगला असताना हट्टानं घेतली, तीन आठवड्यांत बोटं दुखली म्हणून दाराच्या मागं टांगली आणि नोकरीला निघून गेली. एकदा जळमटं काढताना माझा हात तारेला लागला. टंग! बया, अंगावर काटा आला. आजूबाजूला कुणी नाही बघून मी परत टंग केलं. मग रोजच. मोबाइलवर बघून बघून शिकले. बोटं दुखतात म्हणे! चाळीस वर्षं तव्यावरची भाकरी हातानं उलटलेल्या बाईची बोटं तारेला काय भीक घालणार?

पण ती इलेक्ट्रिकची गिटार. नुसती वाजवली तर डास गुणगुणल्यासारखी. चार हातांवर बसलेल्या माणसाला ऐकू जायची नाही. मग लेकीनं पुण्यातल्या कुठल्या मैत्रिणीचा अ‍ॅम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करायचा डबा, ट्रॅव्हल्सच्या गाडीत टाकून पाठवला. मोठ्या टीव्हीच्या खोक्याएवढा, काळा, आणि आत काचेचे व्हॉल्व्ह, पूर्वी रेडिओत असायचे तसले. "मम्मी, ह्याचा आवाज लई गोड असतो," असं ती म्हणाली.

डिसेंबरात, वेळ अमावस्येच्या, म्हणजे आमच्याकडं सगळे रानात पूजेला आणि जेवायला जातात त्या अवसेच्या, आठवडाभर आधी तो घरी आला, त्या दिवशी मी गोडवा बघायला बसले. टीव्हीचा आवाज आम्ही नेहमी पूर्ण लावतो, म्हणून याचीही सगळी बटणं मी पूर्ण फिरवली आणि सगळ्या तारांवरून एकदम हात मारला. अरारारा! खिडकीच्या काचा थरथरल्या, आमच्या मालकांच्या अंगावर चहा सांडला, शेजारची म्हैस दावं तोडून बोळात. अक्का हातात उलथणं घेऊन धावत आल्या. "येनव्वा इदु? भूकंप का काय!" त्र्याण्णवच्या मोठ्या भूकंपापासून आमच्या भागात तो शब्द कुणी चेष्टेत काढत नाही. अक्कांनी काढला, यावरून काय ते समजा. "ते डबडं बाहेर फेक आधी," असं म्हणून त्या गेल्या त्या संध्याकाळपर्यंत तेच म्हणत होत्या.

मी अ‍ॅम्पवर चादर टाकली, तो मधल्या खोलीच्या कोपऱ्यात ठेवला आणि महिनाभर डासासारखा सराव केला. चाल बसली. बोटं आपोआप पडायला लागली. शुक्रवारी सकाळी, म्हणजे हळदीकुंकवाच्या आदल्या दिवशी, चादर काढली, वायर जोडली, बटण दाबलं. लाल दिवा लागला. व्हॉल्व्ह तापायला अर्धा मिनिट लागतो म्हणून मी मनात साठ आकडे मोजले, जास्तीचे तीस आपले शकुनाचे. आणि तार छेडली.

काही नाही.

परत छेडली. नाही. बटणं वाढवली. नाही. पूर्ण वाढवली, कानात बोटं घालायच्या तयारीनं. शांत. भिंतीला बोलल्यासारखं.

आमच्या मालकांचा सगळ्या बिघाडांवर एकच उपाय, तो त्यांनी आल्या आल्या सांगितला. "काढून परत घाल." काढली, परत घातली. मग त्यांनी अ‍ॅम्पच्या डोक्यावर एक थाप मारली, जुन्या टीव्हीला मारायचे तशी. मग दुसरी. मी म्हणाले, "अहो, तो काय तुमचा पोरगा आहे का?" तर म्हणतात, "पोराला मारलं असतं तर आज तो इथं दुकान सांभाळत असता." हे आमच्या घरचं तंत्रज्ञान.

अक्का दारात उभ्या राहून सुपातले तीळ निवडत होत्या. "शाणं हाय गं डबडं," त्या म्हणाल्या. "त्याला कळलंय कोण वाजवायलंय."

"अक्का, तुम्ही गप बसा."

"मी गपच हाय. तेबी गपच हाय. बोलायलीस तू एकटीच."

मी गिटारवरचं बटण बघितलं, ते चालू. वायर वाकवून बघितली, दुसऱ्या टोकानं लावून बघितली. अ‍ॅम्पला दोन खटके आहेत, एक चालू-बंदचा आणि दुसरा 'जरा थांब'चा. तो 'जरा थांब'चा खटका वर-खाली केला, मग कुठला वर आणि कुठला खाली हेच विसरले, म्हणून परत दोन्ही तऱ्हांनी केला. लेकीला फोन लावला तर ती मीटिंगमध्ये. मोबाइलवर एक दाढीवाला गोरा बुवा सापडला, तो इतकं भरभर बोलत होता की मला एकच वाक्य कळलं: मागचं झाकण उघडाल तर मराल. ते मात्र त्यानं सावकाश सांगितलं.

तेव्हा मी रडले. खरंच रडले, पदर तोंडाला लावून. इतकी वर्षं त्या बाईशी भांडण्यात घालवली आणि एकदा काही चांगलं म्हणायची वेळ आली तर घसाच बसला, तोही विकतचा! अक्का तिळाचं सूप घेऊन आत निघून गेल्या. मालक माझ्याकडं बघून घाबरले, स्कूटर काढली आणि बाजारातल्या चाचांना आणायला गेले.

चाचा म्हणजे मुरुमातले सगळ्यात जुने रेडिओवाले. सत्तरी कधीच ओलांडलेली. आता दुकानात मोबाइलच्या काचा आणि मिक्सरची भांडी, पण पाटी अजून रेडिओचीच. ते स्कूटरच्या मागं पिशवी पोटाशी धरून आले. अ‍ॅम्पच्या पाठीमागं जाऊन बसले, जाळीतून आत बघितलं, आणि बघतच राहिले. डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"भाभी," ते म्हणाले, "ये तो मेरे जवानी के लोगां हैं."

मला वाटलं म्हातारबुवा रडतात की काय. छे! ते हसत होते. खिडक्या लावायला लावल्या, पडदे ओढायला लावले, आणि अंधारात आम्हाला सगळ्यांना बोलावून आतले व्हॉल्व्ह दाखवले. तीन बारके, दोन मोठे, पोटात लालसर उजेड. थोरले दीर खोकी सोडून आले. अक्कासुद्धा आल्या, माझ्या खांद्यावरून वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "निखाऱ्यावानी दिसायलंय की." पाच माणसं भर सकाळी अंधार करून एका डब्याच्या ढुंगणाकडं बघत उभी. बाहेरनं कुणी आलं असतं तर काय समजलं असतं देव जाणे.

"जित्ता है," चाचा म्हणाले. "कायकू रोते? जित्ता है. बस बोलता नैं."

मग त्यांनी जाळीचे स्क्रू काढले आणि मला जवळ बोलावलं. टॉर्च धरायला माणूस हवा होता आणि मालकांचा हात हलतो. "भाभी, एक कायदा. आत मोठा करंट हाय. एक हातानं काम करायचं, दुसरा हात खिशात. दोन हात घातले का करंट कलेजातनं जातो."

"चाचा, साडीला खिसा कुठला?"

त्यांनी विचार केला. एवढ्या वर्षांच्या धंद्यात हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नसावा. "तर मग पदर धरा त्या हातानं," ते म्हणाले. "सोडायचा नाही." मी एका हातानं पदर घट्ट धरला, दुसऱ्या हातात टॉर्च. अक्का म्हणाल्या, "आता कुठं जरा घरंदाज दिसायलीस."

चाचांनी आधी स्पीकरला कान लावला. "हूं हूं करतोय," ते म्हणाले. "म्हणजे शेवटचा अर्धा भाग चांगला." मग त्यांनी कानावरची पेन्सिल काढली आणि तिच्या टोकानं एकेका बारक्या व्हॉल्व्हला हळूच टिचकी मारली. पहिला: काही नाही. दुसरा: काही नाही. तिसरा: स्पीकरमधून ठक! दार वाजवल्यासारखा. मी उडीच मारली. चाचांनी मारली नाही, पण भुवया उडवल्या.

"बघा. पाण्याचा पाइप समजा. टाकी भरलेली, तोटी चांगली. तिसऱ्यापासनं पुढं पाणी येतंय. दुसऱ्यापर्यंत पण येत असणार. ह्या दोघांच्या मधी कुठं तरी अडलंय."

"बेडूक असंल," अक्का म्हणाल्या. "आमच्या पाइपात तसंच झालतं."

चाचांनी मान डोलावली. त्यांना ती शक्यता पटलेली दिसली. मागच्या पत्र्यावर, खालच्या अंगाला, त्यांना एक तांबडा ठिपका दिसला. त्यांनी तो नखानं खरवडला, वास घेतला आणि "कंपनी का निशान" म्हणून सोडून दिला.

आणि लाइट गेली. आमच्याकडं ती जातेच, पण जाताना जरा आमच्याकडं बघून जाते असं मला वाटतं. व्हॉल्व्हमधले निखारे हळूहळू विझले. अक्कांनी सगळ्यांना सुसला केला, चुरमुऱ्यांचा, भरपूर शेंगदाणे घालून, आणि चाचांना दोनदा वाढला. खाताना चाचा सांगत होते की पूर्वी अख्खं गाव त्यांच्या दुकानापुढं बातम्या ऐकायला बसायचं. मी एक घासही खाल्ला नाही. लाइट कधी येणार, उद्याचा दिवस कसा निघणार, माझं डोकं तेवढंच दळत होतं.

तेवढ्यात लेकीचा फोन. मी तिला पाइप, टाकी, बेडूक सगळं सांगितलं. ती हसली आणि मग एकदम म्हणाली, "मम्मी, थांब. मागं दोन भोकं आहेत बघ शेजारी शेजारी. आवाज एका भोकातनं बाहेर जाऊन दुसऱ्यातनं परत येऊ शकतो, जास्तीची यंत्रं जोडायला. काही जोडलेलं नसलं की आतल्या आत रस्ता चालू असतो. तिथंच बिघडलं असणार. दोन्ही भोकांना एक वायर जोड, रस्ता पुरा होईल."

तसली वायर घरात नव्हती. चाचांच्या पिशवीत दोन पिना होत्या आणि वायरचा तुकडा होता, पण डाग देऊन वायर चिकटवायचं इस्त्रीसारखं ते हत्यार तापवायला लाइट कुठली? अक्का उठल्या, गॅस पेटवला. "घ्या. ह्यावर भाकरी हुती, तुमचं ते काय व्हत न्हाई?" चाचांनी ज्या शेगडीवर आम्ही रोज भाकरी करतो तिच्यावर डाग द्यायचं टोक तापवलं आणि ओट्यावर वायर जोडली. स्वयंपाकघरात राळेचा धूर. मालक खोकत होते, थोरले दीर पंखा नाही म्हणून पुठ्ठ्यानं वारा घालत होते, चाचा 'वा वा' करत होते. मला हसू आवरेना. कुणाचं लग्न निघालंय असं वाटत होतं.

वायरीची एक पिन पहिल्या भोकात सट्ट बसली. दुसरी जाईना. अर्ध्यावर अडकली. चाचांनी दाबली, मी दाबली, मालकांनी थाप मारायला हात उचलला, तो मी धरला. टॉर्च लावून आत बघितलं तर भोकाच्या तळाशी काहीतरी गच्च.

"भाभी, काटा काढायचा चिमटा है?"

होता. चाचांनी चिमटा घातला, ओढला, आणि एक बारीक काडी बाहेर आली. मग दुसरी. मग तिसरी. एकूण पाच, नखाएवढ्या, बांबूच्या, टोकाला मोडलेल्या. खोलीत मोगऱ्याचा वास सुटला.

"उदबत्ती?" मालक म्हणाले.

मग एकेक जण अक्कांकडं वळला. अक्का छताकडं बघत होत्या, जणू तिथं काही नवीन निघालंय.

आमच्यासारख्या दुकानदारांच्या घरात दर अवसेला फिरणाऱ्या, चालणाऱ्या प्रत्येक वस्तूची पूजा होते. तराजू, स्कूटर, मिक्सर, पाण्याची मोटर. विभूती, कुंकू, उदबत्ती. उदबत्ती खोचायला केळं नसलं तर जे भोक सापडेल ते. आमच्या मिक्सरच्या मागं अजून राख आहे. पण या डब्याची पूजा? आणि अक्कांनी?

"मग काय झालं?" अक्का तावातावानं म्हणाल्या. "घरात नवी वस्तू आली, तिची पैली अवस. पैल्या अवसेला पाच लावावं लागतंय. एका भोकात पाच बराबर बसल्या. डबड्याला सोयीचंच भोक हुतं."

"कधी लावल्या?"

"वेळ अवसेला. तुमी समदी रानात जायला गाडीत बसलाव, आन् मी चष्मा इसरले म्हून माघारी आले का न्हाई? चष्मा कुठं इसरला हुता! परत भिताडाला सरकवताना मोडल्या असत्याल. कुंकू मागच्या अंगाला लावलं, तुला दिसू ने म्हून."

चाचांनी तो तांबडा ठिपका परत एकदा आदरानं बघितला.

"पण अक्का," मी म्हणाले, "तुम्हीच तर दिवसभर म्हणत होता, बाहेर फेक, बाहेर फेक!"

"म्हणले तर? म्हणणं येगळं, अवस येगळी."

"आणि मागितलं काय त्याच्याकडं?"

अक्कांनी पदरानं ओट्यावरचा एक डाग पुसला, जो तिथं नव्हता. "काय मागणार! म्हणलं, ही आता मागं एकटीच ऱ्हाणार. भांडायला बी कुणी न्हाई. हिच्याशी जरा बोलत जा."

मी त्यांच्याकडं बघितलं. मला हसायचं होतं, रडायचं होतं, आणि खरं सांगायचं तर त्यांना एक धपाटाही घालायचा होता. ज्या बाईनं 'बोलत जा' म्हणून त्याची पूजा केली तिनंच त्याची वाचा बंद केली होती! शेवटी मी हसलेच. मग मालक. मग चाचा टोपीनं डोळे पुसत. अक्का म्हणाल्या, "साकु साकु, पुरे आता," आणि स्वतःच खोखो हसत खाली बसल्या.

काड्यांनीच आतला रस्ता तोडला होता, आता जोडवायरीचं कामच नाही, म्हणून चाचांनी वायर काढून घेतली, कापसाचा बोळा स्पिरिटात बुडवून ते भोक आतून पुसलं, फुंकर मारली, जाळी परत बसवली आणि आम्ही चहाला बसलो. लाइट कधी आली ते कळलंच नाही. आधी मधल्या खोलीतून बारीक हूं आला. मग हूऊऊ. मग असा काही हंबरडा फुटला की चाचांची कपबशी हातातून गेली. सकाळी मी सगळी बटणं पूर्ण फिरवून ठेवली होती, आणि गिटार वायरीसकट अ‍ॅम्पलाच टेकवून ठेवली होती! मालक न्हाणीघरात पळाले, का ते त्यांनाच माहीत. शेजारच्यांनी म्हैस आधीच दुहेरी बांधली होती म्हणून बरं. आणि मी त्या आवाजात नाचत होते. एक्कावन्न वर्षांची बाई, एका हातात पदर तसाच गच्च धरलेला. "बोलला! बोलला!" म्हणत.

शनिवारी दुपारी चाळीसेक बायका आल्या. हळदीकुंकू झालं, तिळगूळ झाला, वाण वाटून झालं. मग मी गिटार घेऊन खुर्चीवर बसले. बायका एकमेकींना कोपर मारायला लागल्या. एक म्हणाली, "अगं बया, हिला हे कधी आलं?" दुसरी म्हणाली, "लेकीचं असंल, नुसतं धरून फोटो काढायचा असंल." बटण मी दोनवर ठेवलं होतं, त्याच्या वर जाणार नाही अशी शपथ घातली होती सगळ्यांनी. पहिलाच सूर घसरला. खसखस पिकली. मी डोळे मिटले आणि परत सुरू केलं.

आवाज खरंच गोड होता हो. जाड, उबदार, कानाशी येऊन बोलल्यासारखा. चाल हळूहळू चढत गेली. मधे ती एके ठिकाणी थबकते, तिथं मी थबकले, दोन क्षण, अगदी अक्का थबकतात तशी. मग वळणं घेत खाली आले. अक्का दाराशी तिळगुळाचा डबा घेऊन उभ्या होत्या, मी त्यांच्याकडं बघायचं टाळलं.

"कुणाचं गं गाणं हे?" शेवटी कुणीतरी विचारलं.

मी छाती फुगवून म्हणाले, "आमच्या अक्कांच्या आईचं."

"न्हाई," अक्का म्हणाल्या.

सगळ्या माना दाराकडं वळल्या.

"माझ्या आईला कुठलं गाणं! ती जल्मात कदी गुणगुणली न्हाई, तिला टाइम कुठं हुता? ते माझंच हाय." त्यांनी डबा खाली ठेवला. "पस्तीस वर्सामागं मी ह्या घरात आले तवा मला मराठी येत न्हवतं. तू बी आली न्हवतीस अजून. बोलायला कुणीच न्हाई. भाकरी करता करता असंच करायची मी, रोज थोडं थोडं जोडायची. शब्द कुठल्या भाषेत घालावं कळंना, म्हून घातलेच न्हाईत."

अठ्ठावीस वर्षं मी त्या बाईच्या पाठीशी पाठ लावून कांदा चिरला होता. हे तुमचं का, असं मी एकदाही विचारलं नव्हतं. मी तारांवरचा हात काढून घेतला.

अक्का मात्र पुढं आल्या, माझ्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसल्या आणि नेहमीच्या आवाजात खेकसल्या, "आन् मधी थबकतीस कशाला?"

"तुम्ही थबकता म्हणून!"

"अगं, मी भाकरी उलटायला थबकते!"

हसू असं फुटलं की कुणाच्या हातातलं कुंकू सांडलं. अक्का पण हसल्या, मग त्यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

"आता न थांबता वाजव," त्या म्हणाल्या. "पुरं. मला ते बाहेरनं कदी ऐकायलाच मिळालं न्हाई."

मी वाजवलं. पस्तीस वर्षांत पहिल्यांदाच ती चाल कुठंही न अडता शेवटापर्यंत गेली. अक्कांचे दोन्ही हात मांडीवर रिकामे पडले होते, आणि चहा तयार झाला तरी बायकांनी आम्हा दोघींना उठू दिलं नाही.